कपडे उलटे करून बघणाऱ्या बाई

खोली बघायला म्हणून सिंगापुरात क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटच्या दारात मी उभी राहिले, तेव्हा माझी सगळी उत्तरं तयार होती. परदेशात मराठी माणसाकडे भाड्याने राहायचं म्हणजे प्रश्न ठरलेले. गाव कुठलं? नागपूर. नागपुरात कुठे? मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर जी बारीकशी शांतता पडते ना, तिची मला शाळेपासून सवय आहे. त्या शांततेनंतर कधी खोली मिळते, कधी 'अहो, आमचे पाहुणेच यायचेत अचानक' असं ऐकून परत यावं लागतं. दोन्हींची तयारी करूनच मी गेले होते. बाईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बाही उलटी करा जरा."

"काय?"

"कुर्त्याची बाही. आतून दाखवा."

दाखवली बाप्पा. सुटकेस खाली ठेवून दारातच बाही उलटी केली. बाई वाकल्या, शिवण बघितली, कापड चिमटीत धरून चोळलं. "शुद्ध सुती म्हणून घेतलात ना?" मी मान हलवली. "निम्मं पॉलिएस्टर आहे. टोपी घातली तुम्हाला. या आत." झाली मुलाखत. आडनाव त्यांनी विचारलं ते भाड्याच्या करारावर लिहिण्यापुरतं, आणि लिहून झाल्यावर त्यांनी चहा टाकला. शांतता वगैरे काही पडली नाही. त्यांचं लक्ष अजून माझ्या बाहीकडेच होतं.

बाई मूळच्या मुंबईच्या. कापडाच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या. सिंगापुरात शर्ट-पँट शिवायचे कारखाने होते त्या काळात इथल्या एका प्रयोगशाळेत कापड तपासायला आल्या. पुढे कारखाने गेले, प्रयोगशाळा गेली, बाई राहिल्या. लग्न केलं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी सवयीने 'काकू' म्हणाले, तर म्हणाल्या, "काकू व्हायला आधी एक काका लागतो. तो मी आणलेला नाही." मग सगळे म्हणत तसं मीही 'बाई'च म्हणायला लागले.

फ्लॅटमधली एक खोली माझी. दुसरी, चांगली मोठी, हवेशीर, ती कपड्यांची. तिथे चोवीस तास एसी, शिवाय हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र. आणि बाई? बाई हॉलमध्ये एका खाटेवर, पंख्याखाली, घामाघूम. सिंगापूरची हवा अशी, की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. मी एकदा न राहवून म्हणाले, "बाई, निदान दुपारी तरी त्या खोलीत पडा." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "मी घामाने कुजत नाही. रेशीम कुजतं."

काय काय होतं त्या खोलीत! चिनी आज्यांचे गळाबंद चेओंगसाम झगे, मलायी बायकांचे केबाया ब्लाउज, बाटिकचे शर्ट, बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेचे गणवेश, बाळांची झबली, हॉटेलातल्या वाढप्याचा एक पांढरा कोट. भारी किमतीचं त्यात फारसं काही नव्हतं. फाटकं असेल तर बाईंना जास्त आवडायचं. "नवा कपडा मुका असतो," त्या म्हणत. "ठिगळ लागलं की बोलायला लागतो." आणि कुठलाही कपडा हातात आला की पहिलं काम, तो उलटा करायचा. समोरची बाजू त्या बघतच नसत. समोरची बाजू म्हणजे कपड्याने जगाला सांगितलेल्या थापा, असं त्यांचं ठाम मत. लेबलावरही विश्वास नाही. लेबल कोणी शिवलं, कुठल्या दोऱ्याने, तो दोरा कपड्याच्या वयाचा आहे का, हे आधी बघायचं. मग लेबलावर काय लिहिलंय ते वाचायचं.

रस्त्यावरसुद्धा हाच कारभार. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत म्हातारे चिनी अंकल बुद्धिबळाचा डाव मांडून बसत. एका सकाळी आम्ही हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिऊन परत येत होतो, तर बाई त्यातल्या एका अंकलच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ त्याची कॉलर उलटी केली. मेले, म्हटलं आता! अंकल ताडकन उठला. "आँटी, यू सियाओ आ? वेडी आहेस का तू?" बाई शांत. "हा शर्ट ज्याने शिवला त्याच्या लेबलवर फोन नंबर आहे. आणि आकडे आताच्यापेक्षा कमी आहेत. तू तरुण असताना शिवलेला आहे हा. लग्नात?" अंकलचं तोंड उघडंच. शर्ट खरोखर लग्नातला होता, बायकोने निवडलेला. बायको गेली होती. पुढच्या आठवड्यात तो अंकल एक पिशवी घेऊन वर आला. त्यात बायकोचे ब्लाउज होते. "यू कीप लाह," म्हणाला आणि लिफ्ट येईपर्यंत दारातच उभा राहिला. बाईंनी एकेक ब्लाउज उलटा करून त्याला दाखवला, हा घरी शिवलाय, हा शिंप्याकडचा, हा नंतर कडेने सोडवून सैल केलाय, बाळंतपणानंतर असेल. तो नुसता मान डोलवत होता. मी पोह्यांची बशी हातात धरून ते बघत राहिले. बायकोच्या ब्लाउजातून बायको भेटत होती हो त्याला! आणि भेट घालून देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर काही नाही. भाजीच्या जुड्या निवडाव्यात तशा त्या बसल्या होत्या.

पण ही विद्या सगळ्यांना मानवेल तर ना. तरुण पोरांचं एक जुन्या कपड्यांचं दुकान होतं, तिथून बाईंना दोनदा बाहेर काढलं होतं. दुकानातल्या जाकिटावरची तारीख त्या गिऱ्हाइकांसमोर चुकीची ठरवायच्या. "लेबल खरं आहे, जाकीट खोटं. लेबल आणून शिवलंय. दोरा बघ, कालचा." आणि आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळीत जे झालं, त्याची चर्चा अजून होते. एका मोठ्या साहेबांच्या बायकोने आजेसासूची अस्सल रेशमी पैठणी म्हणून कौतुकाने पदर दाखवला. बाईंनी पदराचं सुटलेलं एक सूत हळूच ओढलं, समोर पणती होतीच, त्यात धरलं. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. हे सूत वितळून त्याची काळी गोळी झाली, म्हणजे पॉलिएस्टर. बाई त्या गोळीकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "आजेसासूंच्या वेळी हे जन्मालाच आलं नव्हतं."

काय ती शांतता! ही शांतता मात्र माझ्या आडनावाची नव्हती, म्हणून मी पहिल्यांदाच ती मजेत ऐकली. नंतर बाईंना कोणी बोलवेना. मी म्हटलं, "बाई, थोडं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" त्या गंभीरपणे विचार करून म्हणाल्या, "मग दुसऱ्या कुणाला मी खरं सांगितलं असतं, तर त्याने ते का मानावं?" आता बाई नाहीत, त्यांचे कपडे त्यांच्या भाचीने एका संग्रहालयाच्या हवाली केले, आणि मीही लग्न करून सिंगापुरातच आंग मो किओला राहायला आले. तरी हा प्रश्न अधूनमधून मला छळतो. मी बॅटऱ्यांवर संशोधन करते. आमच्याकडेही आकडे थोडे गोंडस करायचा मोह होतो. मग बाई आठवतात आणि मी मुकाट्याने प्रयोग परत लावते.

पण मला सांगायचंय ते माझ्या आईचं.

आई महिनाभर राहायला आली तेव्हा मी बाईंकडेच होते. आल्या दिवसापासून आईचं आणि बाईंचं जमेना. आई म्हणजे नागपूरच्या वस्तीत तोंडाने कुणाला हार न जाणारी. "हे बाई माणसायकडे पाहत नाही व, चिंध्याच पाहून राहिली दिवसभर," मला म्हणाली, आणि हे बाईंना ऐकू जाईल इतक्या जोरात. बाईंनी ऐकलं आणि आईच्या साडीचा पदर उलटा करून बघितला. आईने हिसका देऊन ओढून घेतला.

चार दिवसांनी आईने सुटकेसच्या तळातून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला बघताक्षणी कळलं. आजीचं लुगडं. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी पांढरं नेसून यायचं होतं. त्या दिवशी माझी आजी जे नेसून गेली, ते हे नऊवारी. मरताना तिने ते थोरल्या सुनेला न देता धाकटीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात दिलं होतं. आमच्या घरात फोटोंच्या खालोखाल मान त्याचा.

"अगं, हे इथे कशाला आणलंस?"

"तिकडं ठेवायचा जीव नाही झाला," आई म्हणाली आणि खाली बसली. मग सगळं निघालं. वस्तीतल्या विहारात जुन्या लोकांच्या आठवणींच्या वस्तू मांडणार होते. आईने लुगडं नेलं. आणि माझ्या मोठ्या आईने, म्हणजे आईच्या थोरल्या जाऊबाईने, चारचौघांत सांगितलं, की हे दीक्षेचं लुगडं नाहीच. ते लोकांनी नवं, कोरं घेतलं होतं. याचे तर काठ कापलेले आहेत, दोन्ही बाजूंनी दुमडून शिवलंय. नवरा गेला की बाईच्या लुगड्याचे काठ काढायचे, ही जुनी रीत. हे म्हातारीचं रंडकेपणाचं लुगडं, आणि धाकटीने ते दीक्षेचं म्हणून मिरवलं. आईने लुगडं उचललं आणि घरी आली. तेव्हापासून तिने ते कुणाला दाखवलं नव्हतं.

"जाऊबाईचं मले काही नाही," आई म्हणाली. "ते बोलतेच तशी. पण सासूनं मले हातात देऊन सांगितलं होतं, पोरी, हे मी त्या दिवशी नेसली होती. मरताना कोणी खोटं बोलते का? आन् बोलली असंल तर मलेच कायले बोलली?"

एवढंच होतं. लुगड्याचा मान गेला असता तर आईने सोसलं असतं. सासू आपल्याशी खोटं बोलली का, हे तिला सोसत नव्हतं. आईचा बाप लहानपणीच गेलेला, माहेर नावाचं. सासूने तिला स्वतःच्या ताटात जेवू घालून शिकवलं होतं.

"त्या बाईले दाखवू का?" आईने विचारलं.

मी घाईने म्हटलं, "आई, बाई खोटं बोलत नाहीत. वाईट निघालं तर वाईटच सांगतील. तोंडावर."

"म्हणूनच तं दाखवून राहिली," आई म्हणाली.

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. बाईंनी हात धुतले, घड्याळ काढलं, अंगठी काढली. लुगडं उलगडताना त्यांचा हात इतका हळू होता, की माझी आई, जिने चार दिवस त्यांना नावं ठेवली होती, तीसुद्धा सावरून बसली. आधी भिंग. मग निळ्या उजेडाची बॅटरी. हल्लीच्या साबणाच्या पावडरीने धुतलेलं कापड त्या उजेडात चमकतं. हे चमकलं नाही. "नीळ दिलेली आहे फक्त," बाई पुटपुटल्या. "आजच्या साबणात कधी गेलंच नाही." आई म्हणाली, "मी धुतच नाही ते." मग बाईंनी दोन्ही लांब कडा टोकापासून टोकापर्यंत बोटाखालून काढल्या. चहा निवला. मी दुसरा केला, तोही निवला.

"काठ कापलेले आहेत," बाई शेवटी म्हणाल्या. "हे खरं आहे."

आईने अभ्रा जवळ ओढला, गुंडाळून ठेवायला. मला बाईंचा इतका राग आला म्हणता! एवढं ज्ञान आणि जिभेला तेवढी कळ नाही?

"थांबा," बाई म्हणाल्या. "मला कडेचे थोडे टाके उसवायचे आहेत."

"अजिबात नाही," आई म्हणाली. "सासूच्या हातचे टाके आहेत ते."

"त्यांच्याच हातचे आहेत का, तेच बघायचंय. उसवलं नाही तर मी अर्धं सांगेन. आणि अर्धं सांगितलेलं जाऊबाईंच्या कामाला येईल, तुमच्या नाही."

आईने अभ्रा बाजूला ठेवला आणि लुगडं परत बाईंकडे सरकवलं.

बाईंनी मधल्या एका ठिकाणचे टाके बारीक कात्रीने सोडवले आणि दुमड उघडली. मी वाकून बघितलं आणि माझ्या तोंडून 'अरे!' निघालं. दुमडीच्या आत कापड हिरवं होतं. फिकट, पण हिरवं. आणि अगदी कडेला लाल सुताचे एक-दोन धागे अडकलेले.

"हे पांढरं नव्हतंच कधी," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. त्या आईशी बोलत होत्या, तरी बघत कापडाकडेच होत्या. "हिरवं लुगडं, लाल काठाचं. काठाचा रंग पक्का होता, तो निघाला नसता, म्हणून काठ कापले. कडा दुमडून शिवल्या. मग धुण्याच्या सोड्यात उकळलं आणि कडक उन्हात घातलं. परत उकळलं, परत उन्हात. हिरवा रंग कच्चा होता, तो गेला. दुमडीत ऊन पोचलं नाही, तिथे राहिला. ज्याने कुणी केलं त्याच्याकडे नवं घ्यायची सोय नव्हती, आणि वेळही नव्हता."

"वेळ नव्हता हे कसं कळलं?" मी विचारलं.

"दोन माणसं शिवत होती." बाईंनी भिंग आईच्या हातात दिलं. "या बाजूने बघा. टाका बारीक, एकसारखा, रोज शिवणारीचा. आणि त्या टोकाकडून येणारा मोठा, वेडावाकडा. सुई धरायची सवय नसलेला. दोघं दोन टोकांना बसली आणि शिवत शिवत इथे मध्ये भेटली. दोन्ही कडांना तसंच आहे. एकट्या बाईला पुरं झालं नसतं, म्हणून दुसरं कोणी बसलं. आणि मोठ्या टाक्याचा तिरकेपणा बघा, उलट्या बाजूला आहे. शिवणारा डावखुरा आहे."

आईने भिंग खाली ठेवलं.

"मामाजी डावरे होते," ती म्हणाली. "माहे सासरे. जेवायचे बी डाव्या हातानं. सासू लई बोलायची त्यायले. घरात दुसरं कोणी डावरं नाही. पोरं नाही, सुना नाही. थेट हिच्यात उतरलं." तिने माझ्याकडे बोट केलं. "मामाजीनं शिवलं असंल तं मामाजी जितेच होते. मंग ते रंडकेपणाचं कसं होईन?"

"नाही होणार," बाई म्हणाल्या. "नवरा जिवंत असताना बाईने आपल्या हिरव्या लुगड्याचं पांढरं केलं, आणि नवऱ्याने शेजारी बसून ते शिवलं. एवढं कापड सांगतं. दिवस कुठला, ते कापडावर नाही. ते मी सांगू शकत नाही."

"मी सांगते नं," आई म्हणाली. "सवाशीण बाईनं पांढरं नेसावं, असा एकच दिवस होता, ताई."

आणि मग माझी आई रडली. तोंडाला पदर न लावता, टेबलावर हात पसरून. "खोटं नाही बोलली माही सासू. खोटं नाही बोलली." मीही रडले. मी आजीला पाहिलं होतं, आजोबांना नाही. माझ्यासाठी ते भिंतीवरचा एक काळपट फोटो होते. आता ते एका हिरव्या लुगड्याच्या टोकाशी बसले होते, डाव्या हातात सुई, बोटाला टोचून घेत, बायकोच्या आधी मध्यावर पोचायची धडपड करत. हिरवं उकळून टाकताना त्या दोघांना भीती वाटली असेल का हो? का हसत होती ती? बाई नसत्या तर एवढं तरी मला कोण दाखवणार होतं? ज्या बाईंना लोक दिवाळीला बोलवत नव्हते, त्यांच्यापुढे हात जोडून उभं राहावं असं मला वाटलं, आणि मी राहिले. त्यांनी लक्षच दिलं नाही. त्या डबा उघडून दोरा शोधत होत्या.

"मोठ्या आईला फोन लावू?" मी आईला विचारलं.

"फोनवर नाही," आई नाक पुसत म्हणाली. "घरी बोलावीन, चहा देईन, आन् तिच्या हातात भिंग देईन. तिचे बी सासरेच होते ते."

बाईंनी जुन्या सुती दोऱ्याचं एक रीळ काढलं, सुई ओवली आणि आईपुढे धरली. "उसवलेलं मी शिवत नाही. मी शिवलं तर त्यात माझा हात येईल. घरच्या माणसाने शिवावं."

आईने सुई घेतली आणि माझ्याकडे दिली.

मी खुर्ची ओढली. दुमड परत होती तशी बसवली, हिरवं आत गेलं. आजोबांच्या बाजूने, डाव्या हाताने, श्वास रोखून पहिला टाका घातला. दुसरा त्याला अगदी लागून, बारीक, नीट. आई कौतुकाने बघत होती. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"इतका सुबक नको," त्या म्हणाल्या. "त्यांचा मोठा होता. मोठा घाल."

मी मोठा घातला.